न बोलणारीं चित्रें

घरांत हंसें पिकणें हें सुखी कुटुंबाचें लक्षण मानितात, आणि तें खोटें नाहीं. आमचें घर मोठें. दोन भावांचे संसार एका छपराखालीं, पिढ्या तीन, आणि जेवणाच्या वेळीं पानांची संख्या नऊच्या खालीं सहसा उतरत नाहीं. अशा घरांत विनोदाला तोटा कसला? आलेला पाहुणा जातांना “तुमच्याकडे कंटाळा म्हणून येत नाहीं बुवा!” असें म्हणून जातो, आणि तें ऐकून आम्हां सर्वांच्या अंगावर मूठभर मांस चढतें. गेल्या महिन्यांतील एका शनिवार-रविवारनें आमच्या या अभिमानाला जो चिमटा काढला, त्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. सांगतांना संकोच वाटतो. कारण या हकीकतींतील मुख्य अपराधी मीच आहें.

माझ्या सासूबाईंना गेल्या महिन्यांत ७५ वर्षें पुरीं झालीं. शास्त्राप्रमाणें या वयाला ऐंद्री शांत करितात. सासूबाईंनीं मात्र साफ नकार दिला. “होमाचा धूर माझ्या डोळ्यांना सोसत नाहीं, आणि गुरुजी काय म्हणतात तें मला ऐकूं येत नाहीं, मग शांत कोणाची?” असा त्यांचा रोकडा सवाल. शेवटीं शनिवारीं घरच्या घरीं औक्षण आणि गोडाचें जेवण, व रविवारीं त्यांच्या आवडीचा एखादा बेत, असें ठरलें. आवडीचा बेत म्हटल्यावर कोणीं देवदर्शन सुचविलें, कोणीं नाटक. त्यांनीं आपल्या ट्रंकेंतून एक जुनी वही काढून आणिली व तिच्यावर बोट ठेविलें.

ही वही म्हणजे व्यंगचित्रांच्या कात्रणांची. खळीनें चिकटविलेलीं तिचीं पानें आतां पापडासारखीं कडक झालीं आहेत. घरांतल्या प्रत्येकानें ती कधीं ना कधीं चाळली होती. पण तिच्यांतील एक गोष्ट माझ्या धाकट्या मुलीनें प्रथम दाखविली. ती म्हणाली, “आई, आजीच्या वहींत एकाहि चित्राखालीं कांहीं लिहिलेलें नाहीं.” पाहतें तों खरेंच. सारींच्या सारीं चित्रें शब्दावांचूनचीं.

व्यंगचित्र आणि मराठी मासिकें यांचें सख्य जुनें आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं ज्यांनीं मासिक काढलें, ते शंकरराव किर्लोस्कर स्वतःच चित्रकार होते. पण शब्दावांचून बोलणाऱ्या चित्राला आपल्या घराघरांत मान मिळवून दिला तो शि. द. फडणीस यांनीं. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगांव जिल्ह्यांतील भोज या गांवचा. चित्रकलेचें शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत झालें. १९५२ सालीं ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचें एक चित्र आलें. दोन माणसें शेजारीं शेजारीं. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बस्स, एवढेंच. पुढें काय होणार तें पाहणाऱ्यानें आपल्या मनाशीं जाणावें! त्यांच्या चित्रांचें ‘हसरी गॅलरी’ हें प्रदर्शन १९६५ मध्यें मुंबईस प्रथम भरलें. आणि पाठ्यपुस्तकांतील गणितासारख्या रुक्ष विषयालाहि त्यांच्या चित्रांनीं हंसरें केलें. सासूबाईंच्या वहींत अर्थातच पहिला मान त्यांचा आहे.

दुसरा मान आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा. त्या चित्रांखालीं ओळ असते, परंतु सासूबाईंनीं ती कातरून टाकून नुसता तो चौकड्यांच्या कोटांतला म्हातारा ठेविला आहे. १९५१ पासून पुढें पन्नासांहून अधिक वर्षें हा गृहस्थ सभांना गेला, मंत्र्यांच्या दालनांत शिरला, सर्व कांहीं पाहिलें; पण एक अक्षर बोलला नाहीं. याच्यावर सासूबाईंचा अभिप्राय असा : “हा अगदीं माझ्यासारखा. फरक इतकाच कीं, याला ऐकूं येतें.”

हें वाक्य त्या पूर्वींहि म्हणाल्या होत्या. आम्ही तेव्हां खूप हंसलों होतों.

सासूबाईंना कमी ऐकूं येऊं लागलें त्याला आतां आठ वर्षें झालीं. हें एकाएकीं घडलें नाहीं, म्हणून कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. प्रथम त्या “काय म्हणालीस?” असें दोनदां विचारूं लागल्या; मग एकदां; मग विचारीनाशाच झाल्या. श्रवणयंत्र आणिलें. तें चार दिवस कानांत राहिलें आणि तेव्हांपासून कपाटांत आहे. त्यांचें म्हणणें, त्यांतून माणसांपेक्षां कुकरच मोठ्यानें बोलतो. आम्हींहि आग्रह सोडला आणि मोठ्यानें बोलून काम भागवूं लागलों. “औषध घेतलें का?” “पान वाढलें आहे,” “दार लावून घ्या.” आवश्यक तेवढें सर्व त्यांना सांगितलें जाई. अनावश्यक तें ओरडून कोण सांगतो? आणि घरांतलें हंसणें-खिदळणें तर सारें अनावश्यकांतच मोडतें!

शिवाय, त्यांच्या चुकीच्या ऐकण्यांतून आम्हांला विनोदाचा एक आयता झराच लाभला होता. एकदां माझ्या थोरल्यानें “मी सातला येणार” म्हणून सांगितलें. सासूबाईंनीं ऐकलें, “मी साताऱ्याला जाणार.” मुलगा निघतो तों हातांत दशम्या आणि लसणीच्या चटणीचें पुडकें! ही गोष्ट आम्हीं किती पाहुण्यांना सांगितली असेल, याची गणती नाहीं. सांगतांना सासूबाई समोरच बसलेल्या असत. सर्व हंसले कीं त्याहि हंसत. त्यावरून, त्यांना या विनोदाचें कांहीं वाटत नाहीं, असा आम्हीं सोयीस्कर निष्कर्ष काढला होता.

शनिवारचा समारंभ उत्तम झाला. जाऊबाईंनीं कणकेचे ७५ दिवे केले होते. सुनांनीं, नातींनीं ओवाळलें. साखरभात, अळूची भाजी, मसालेभात असा साग्रसंगीत बेत झाला. जेवणें होऊन सर्व मंडळी माजघरांत बसलीं, तेव्हां भावोजींनीं आमच्या कैलासवासी मामंजींची एक गोष्ट सांगितली. मामंजींनीं लग्नानंतर पत्नीच्या पहिल्या वाढदिवसाला एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरली. पण सवयीनें पत्ता घातला कचेरीचा! अंक येई तो थेट साहेबांच्या टेबलावर. वर्षभर साहेबांनीं तो आवडीनें वाचला, आणि वर्ष संपतांच मामंजींना बोलावून म्हणाले, “अहो, वर्गणी संपली वाटतें. यंदां भरणार ना?”

घर दणाणून गेलें. सासूबाईहि हंसल्या, क्षणभर मागाहून. मग त्यांनीं माझ्याकडे वळून हळूच विचारिलें, “काय झालें ग?”

माझ्या हातांत विड्यांचें तबक होतें. गोष्ट पुन्हां सांगावयाची म्हणजे मोठ्यानें सांगावी लागणार, आणि मोठ्यानें सांगितलेल्या विनोदाची चव जाते. मी म्हणालें, “कांहीं नाहीं, आई.”

त्यांनीं मान डोलविली आणि त्या मांडीवरच्या पदराची घडी नीट करूं लागल्या.

आतां रविवार. आमच्या यांच्या एका स्नेह्याच्या ओळखीनें एका वृद्ध व्यंगचित्रकारांची भेट ठरली होती. यांचींहि चित्रें सासूबाईंच्या वहींत बरींच आहेत. आपलें नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें मी तें देत नाहीं. वय ८२, घर जुनें, वरचा मजला, खिडकीशीं उतरतें टेबल, त्यावर टाक, कुंचले, शाईच्या बाटल्या आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. आम्ही सहाजण गेलों होतों. सासूबाईंनीं वांकून नमस्कार केला आणि वही पुढें ठेविली. त्यांनीं पानें उलटलीं, आपलें एक साठ वर्षांपूर्वींचें चित्र पाहून ते थबकले आणि म्हणाले, “हें माझ्याजवळहि नाहीं!”

धाकटीनें विचारिलें, “तुम्ही चित्राखालीं कांहींच कां लिहीत नाहीं?”

ते हंसून म्हणाले, “खरें सांगूं? आमचे एक संपादक माझी ओळ दर वेळीं बदलीत. मीं म्हटलें, ओळच दिली नाहीं तर बदलतील काय? तेव्हांपासून सुटली. पुढें मात्र एक गोष्ट ध्यानांत आली. ओळ असली कीं, ज्याला लौकर वाचतां येतें तो आधीं हंसतो, दुसरा मागाहून. ओळ नसली कीं सारे एकदम हंसतात.”

मग त्यांनीं मुलीला आपली रीत दाखविली. पहिल्या कच्च्या चित्रांत सतरा वस्तू असतात. शेवटच्या चित्रांत पांच उरतात. “चित्र काढणें म्हणजे बहुतेक काढून टाकणेंच,” असें ते म्हणाले. चित्रांतल्या माणसाला आपण विनोदांत सांपडलों आहोंत याचा पत्ता नसावा. त्यानें गंभीरच असावें. आणि पाहणाऱ्याला शेवटचें पाऊल स्वतः टाकूं द्यावें. तेंहि आपणच टाकलें तर त्याच्या हंसण्यांत त्याचा वांटा काय राहिला?

हें सर्व आम्ही ऐकत होतों. सासूबाई भिंतीवरचीं चित्रें पाहत होत्या. त्यांचें लक्ष नाहींसें पाहून भावोजींना वाटलें, आतां आपण करमणुकीची बाजू सांभाळावी. त्यांनीं साताऱ्याची गोष्ट काढली. रंगवून सांगितली. आम्ही हंसलों, सासूबाईहि हंसल्या. ते वृद्ध गृहस्थ मात्र हंसले नाहींत. त्यांनीं विचारिलें, “ही गोष्ट वहिनींना ठाऊक आहे?”

भावोजी म्हणाले, “म्हणजे काय? त्यांचीच तर गोष्ट!”

“तसें नव्हे. त्यांना कोणीं सांगितली आहे का?”

कोणीच बोलेना.

“माझा एक नेम आहे,” ते शांतपणें म्हणाले. “ज्याच्यावर चित्र, त्याला तें मनांत आधीं दाखवून पाहतों. तो हंसला तर छापावयास द्यावें. बहिऱ्याचा विनोद काढावयास फार सोपा. म्हणूनच मीं तो कधीं काढला नाहीं.”

एवढें बोलून त्यांनीं आपली खुर्ची सासूबाईंच्या अगदीं समोर, खिडकीच्या उजेडांत ओढली, एक कागद मध्यें ठेविला, एक पेन्सिल स्वतः घेतली आणि दुसरी त्यांच्या हातांत दिली.

पुढचा पाऊण तास आम्ही तेथें होतों व नव्हतों. ते कांहीं रेघा ओढीत. सासूबाई पाहत, मान हलवीत, आणि आपली पेन्सिल पुढें करीत. जन्मभर रांगोळी घातलेला हात. तो डगमगला नाहीं. मध्येंच एखादा शब्द लिहिला जाई. आम्ही चहाचे पेले हातांत धरून बसलों होतों. एकाएकीं तीं दोघें इतक्या मोठ्यानें हंसलीं कीं, आंतल्या खोलींतून त्यांच्या सूनबाई धांवत आल्या. सासूबाई असें हंसलेल्या मीं कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें. हंसणें त्यांचें स्वतःचें होतें. कोणाच्या मागाहून आलेलें नव्हतें.

भावोजींनीं उत्सुकतेनें विचारिलें, “काय झालें, आई?” ऐकूं गेलें नसेल म्हणून मीं जरा मोठ्यानें विचारिलें, “आई, काय झालें?”

डोळे पुसत त्या म्हणाल्या, “कांहीं नाहीं ग.”

त्यांनीं तें मुद्दाम म्हटलें कीं सहज, हें मीं त्यांना विचारिलें नाहीं. पण त्या खोलींत आम्ही इतकीं माणसें, सर्वांचे कान शाबूत, आणि हंसण्याच्या बाहेर उभें राहणें म्हणजे काय तें आम्हांला त्या दिवशीं प्रथम कळलें.

तो कागद त्यांनीं घरीं आल्यावर उघडला. चित्र असें : एका लांब बांकावर आमचें सारें कुटुंब ओळीनें बसलें आहे, सर्वांचीं तोंडें हंसण्यानें उघडीं. बांकाच्या टोंकाला एक म्हातारी. तिच्या हातांत पाटी आहे, आणि परीक्षेला बसलेलें मूल शेजाऱ्याचें उत्तर चोरून पाहतें तशी ती तिरप्या डोळ्यानें शेजारणीच्या तोंडाकडे पाहून आपल्या पाटीवर तें हंसणें उतरवून घेत आहे. पलीकडून एक मास्तर चष्मा सांवरीत येत आहेत. बांक आणि माणसें चित्रकारांचीं. पाटी आणि तिरपा डोळा सासूबाईंचा. मास्तर पुन्हां चित्रकारांचे. खालीं ओळ नाहीं. तिची गरजहि नव्हती. शेजारीण कोण, तें तिच्या नाकावरून मला तत्काळ ओळखतां आलें.

आठ वर्षें त्या आमच्या हंसण्याची नक्कल उतरवीत होत्या, आणि आम्ही तिला पूर्ण गुण देत होतों.

त्या रात्रीं निजानीज झाल्यावर मी एक वही घेऊन त्यांच्या खोलींत गेलें आणि शनिवारची मामंजींची गोष्ट पहिल्यापासून लिहून त्यांच्यापुढें ठेविली. त्यांनीं ती चष्मा लावून सावकाश वाचली. हंसल्या, मग कांहीं वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, “अर्धी सांगितली त्यानें. दुसऱ्या वर्षीं वर्गणी साहेबांनींच भरली, आणि पत्ता आपल्या घरचा घातला. वहींतलीं पहिलीं कात्रणें त्याच अंकांतलीं.”

गोष्टीचा खरा शेवट या घरांत एकाच माणसाला ठाऊक होता, आणि त्या माणसाला आम्हीं “कांहीं नाहीं” म्हणून बाहेर ठेविलें होतें. नुकसान त्यांचें झालें, पण आमचेंहि थोडें झालें नाहीं.

ही कथा केवळ आमच्या घरची असती तर मीं ती छापली नसती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें साठी ओलांडलेल्या माणसांपैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना व्यवहारांत अडचण येण्याइतकें कमी ऐकूं येतें. तेव्हां ज्या घरांत वडील माणसें आहेत, त्या बहुतेक घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. आम्हीं नंतर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन जें समजून घेतलें तें थोडक्यांत सांगतें. उतारवयांत प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकूं येईनासे होतात. त्यामुळें स्वर पोंचतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखीं व्यंजनें गळतात. आवाज कानीं येतो. शब्द कळत नाहीं. म्हणून ओरडून फारसा लाभ होत नाहीं, उलट शब्द अधिकच वेडावांकडा होतो. आधीं हांक मारून लक्ष वेधावें. समोर, तोंडावर उजेड पडेल असें बसावें. सावकाश व स्पष्ट बोलावें. मिक्सर आणि टीव्ही तेवढ्यापुरते बंद करावे. कान मळानें तर भरले नाहींत ना, हें आधीं पाहून घ्यावें. श्रवणयंत्र चष्म्यासारखें घातल्याबरोबर जमत नाहीं; तें दोन-चार वेळां जाऊन आपल्या कानाला जुळवून घ्यावें लागतें, आणि मेंदूलाहि त्याची संवय व्हावयास कांहीं आठवडे लागतात. सासूबाईंचें यंत्र आतां कपाटांतून निघालें आहे. सकाळीं दोन तास तें कानांत असतें. कुकरच्या वेळीं मात्र त्या तें अजूनहि काढून ठेवितात.

पण यंत्र हा उपायाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा घरच्या माणसांचा आहे. कमी ऐकणाऱ्याला आपण निरोप सांगतों, सूचना सांगतों. गंमत सांगत नाहीं. आणि माणूस घरचा आहे कीं नुसता घरांत आहे, हें निरोपावरून ठरत नाहीं, गंमतीवरून ठरतें.

आम्हीं जेवणघराच्या भिंतीवर एक पाटी टांगली आहे. ज्याच्या बोलण्यावर पंगत हंसेल, त्यानें तें पाटीवर लिहून सासूबाईंना दाखवावें, असा नेम केला. पहिले आठ दिवस पाटी काठोकाठ भरे. मग उत्साह ओसरूं लागला. माणसाचा स्वभावच तो. कोणाला घाई, कोणाच्या हातीं खडू नाहीं. गेल्या आठवड्यांत पाटी सलग तीन दिवस कोरी राहिली. चौथ्या दिवशीं सकाळीं चहा ठेवावयास गेलें, तों तिच्यावर सासूबाईंच्या वळणदार अक्षरांत एकच ओळ होती :

“तीन दिवस झाले. घरांत कोणी हंसलें नाहीं काय?”